मानेवाड्याचं घर नेमकं किती तुमचं?

प्रश्न: मी 61 वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त, नागपुरात मानेवाड्याला राहतो. पहिली पत्नी 2013 मध्ये गेली. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. 2017 मध्ये दुसरं लग्न केलं. पत्नीला आधीच्या लग्नाची मुलगी आहे, 20 वर्षांची, आमच्याकडेच राहून शिकते. 84 वर्षांची आईही सोबत आहे. घर अंदाजे 80 लाखांचं, ठेवी आणि म्युच्युअल फंड मिळून 50 लाख. मुलगा म्हणतो, घर आत्ताच माझ्या नावानं बक्षीसपत्र करा, 200 रुपयांच्या स्टँपवर होतं. करू का?

उत्तर: भाऊ, बक्षीसपत्र करू नका. 200 रुपयांचं मुलगा बरोबर सांगतो, स्थानिक अधिभार तेवढा वेगळा. पण नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र तुम्ही हयात असेपर्यंत कितीदाही बदलू शकता.

त्याआधी एक गोष्ट बघा. तुम्ही पाठवलेल्या खरेदीखताच्या फोटोत दुसऱ्या पानावर अंगठ्याचे दोन जांभळे ठसे शेजारी शेजारी आहेत, एक तुमचा, एक मुलाच्या आईचा. घर दोघांच्या नावानं घेतलेलं, आणि त्या मृत्युपत्र न करता गेल्या. हिश्शाचा वेगळा उल्लेख नाही, म्हणून अर्धं घर त्यांचं धरू. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ते अर्धं तुम्हाला आणि मुलाला सारखं आलं. म्हणजे पाव घर 2013 पासूनच मुलाचं आहे, कागदोपत्री कोणी नोंदवलं नाही इतकंच. तुम्ही मृत्युपत्रात लिहू शकता ते पाऊण घर. हे मुलाला आजच सांगा. आईचं त्या घरात काही उरलं नाही असं त्याला वाटत असेल, तर ती सल यानं बरीच निवेल.

आता मृत्युपत्रच केलं नाही तर? तुमचं पाऊण घर पत्नी, मुलगा आणि आई यांच्यात सारखं वाटलं जाईल. आईंच्या माघारी त्यांचा वाटा तुमच्या भावाबहिणींकडेही जाईल. आणि जी मुलगी तुम्हाला बाबा म्हणते, तिला तुमच्याकडून थेट एक रुपयाही येणार नाही, कारण सावत्र मूल कायद्यानं वारस नाही. तिचं नाव तुम्ही लिहिलं तरच ती आहे.

माझा कल असा: घराचा तुमचा हिस्सा मुलाला, पण वहिनींना हयातभर तिथे राहण्याचा हक्क. ठेवी आणि फंडांतले 30 लाख वहिनींना पूर्ण मालकीनं, 12 लाख मुलीला, 8 लाख आईंच्या औषधपाण्याला. इथे एक खाच आहे. निर्वाहाच्या हक्कापोटी विधवेला मर्यादित हक्क, म्हणजे फक्त हयातभर वापरण्यापुरता, दिला तर तो पूर्ण मालकीचा होऊ शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा 1977 चा निकाल आहे. म्हणून वहिनींच्या निर्वाहाची सोय 30 लाख आणि कुटुंब निवृत्तिवेतनातून केली आहे, राहण्याचा हक्क त्याहून वेगळा आहे, हे स्पष्ट लिहून घ्या. हा परिच्छेद वकिलाकडूनच लिहून घ्या, नेटवरचा नमुना भरू नका. निवृत्तिवेतनाच्या कागदांवर वहिनींचं नाव चढलंय ना, तेही याच आठवड्यात बघा.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुमच्यासारख्या घरात मी ती करूनच घ्यायला सांगतो. खरा जीव साक्षीदारांत आहे. माझ्या एका अशिलानं घरी सही केली आणि दुसऱ्या साक्षीदाराची सही दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन मुलानं आणली. त्या साक्षीदारानं ना सही होताना पाहिली, ना अशिलानं त्याला 'ही सही माझीच' असं सांगितलं. चार पानांचं नीट लिहिलेलं मृत्युपत्र तिथेच गेलं, आणि दोन्ही घरची मुलं अजून तारखा करतायत. दोन साक्षीदार तुमच्यासमोर बसवा, तुमच्याहून वयानं लहान, नागपूरचेच, ज्यांना यातलं काही मिळणार नाही असे. त्यांतला एक तुमचा नेहमीचा डॉक्टर असला तर उत्तम.

ठेवींवर नॉमिनी मुलगा आहे, असं तुम्ही लिहिलंय. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी मृत्युपत्रानं ठरते. तरी नावं मृत्युपत्राशी जुळवून घ्या, नाहीतर वहिनींना स्वतःच्या पैशांसाठी सावत्र मुलाच्या दारात उभं राहावं लागेल.

दिवाळीत मुलगा आला की त्याच्याशी बोला, वहिनी समोर असताना. मसुदा त्यानंतर करू.