त्या कागदावर सही करू देऊ नका

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. मुलगा २०२१ साली स्टुडंट व्हिसावर अमेरिकेला गेला. एमएस झाला, नोकरी लागली, मग कंपनीने माणसं कमी केली. दुसरी नोकरी मिळाली नाही, तरी तो तिथेच राहिला आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानात काम करू लागला. बारा दिवसांपूर्वी इमिग्रेशनवाल्यांनी त्याला पकडलं. टेक्सासमधल्या डिटेन्शन सेंटरमधून एकदाच फोन आला. 'एका कागदावर सही केली तर लवकर घरी पाठवतो म्हणतात, करू का?' असं तो विचारत होता. इकडे एक एजंट चार लाख मागतोय. म्हणतो, 'भारतात जिवाला धोका आहे' असं लिहून दिलं की केस थांबते. जो त्या देशाचा नागरिकच नाही, त्याला तिथे काही हक्क असतात का?

उत्तर : दादा, आधी तातडीचं सांगते. पुढचा फोन आला की पोराला दोन गोष्टी सांगा. वकिलाने वाचल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करायची नाही. आणि 'मला न्यायाधीशासमोर जायचं आहे' हे अधिकाऱ्यांना तोंडी सांगायचं, लेखीही द्यायचं. केसची हकिगत फोनवर उगाळू नका. तिथले फोन रेकॉर्ड होतात. तब्येत, वकिलाचं नाव आणि नंबर, एवढंच बोला.

त्याच्यापुढे ठेवलेला कागद नेमका कोणता, हे पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही. पण अशा वेळी जे कागद पुढे येतात, त्यातला एक असा असतो की सही करणारा 'मी सुनावणीचा हक्क सोडला, हद्दपारीचा हुकूम मला मान्य आहे' असं लिहून देतो. मग न्यायाधीश त्याला समोर न बोलावताही हुकूम काढू शकतो. असा हुकूम एकदा निघाला की साधारणपणे दहा वर्षं अमेरिकेचा दरवाजा बंद. घरी यायच्या ओढीने पोरं सही करतात. पण आज जी सुनावणी त्याच्या हातात आहे, ती त्या सहीने जाते.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, हक्क असतात. अमेरिकेच्या घटनेतली पाचवी दुरुस्ती १७९१ सालची आहे. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असं ती सांगते. आणि तिथे शब्द 'नागरिक' नाही, 'व्यक्ती' आहे. आपल्या घटनेत कलम १९ नागरिकांपुरतं आणि कलम २१ प्रत्येक व्यक्तीसाठी, तसंच हे. आपल्याकडे एखाद्याला सांगली जिल्ह्यातून तडीपार करायचं झालं, तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ खाली आधी नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आरोप काय ते सांगा आणि बाजू मांडायची संधी द्या, हा तोच न्याय.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे १९०३ सालीच म्हटलं. १९०१ साली सिएटल बंदरात उतरलेली यामाताया नावाची एक जपानी मुलगी होती. देशात आलेल्या परक्या माणसालासुद्धा म्हणणं मांडायची संधी न देता बाहेर काढता येणार नाही, हे तत्त्व तिच्या खटल्यात मान्य झालं. ती स्वतः मात्र हरली. तिला चौकशीची संधी मिळाली होती असं कोर्टाने धरलं. हा निकाल मला नेहमी अस्वस्थ करतो, कारण सुनावणी मिळणं म्हणजे राहायला मिळणं नव्हे, हे त्यात उघडं दिसतं. पण संधीचा हक्क टिकला, आणि तो आजही लागू आहे. एप्रिल २०२५ मध्ये १७९८ सालच्या एका युद्धकाळातल्या कायद्याचा वाद त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हाही ज्यांना पाठवायचं त्यांना दाद मागता येईल इतका वेळ ठेवून आधी नोटीस द्या, असं न्यायालयाने बजावलं.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय उतरवले, हातकड्या घातलेले. ती दृश्यं तुमच्या डोळ्यांसमोर असणार. तुमच्या मुलाचं तसं नाही. तो विमानतळावर तपासणी होऊन, व्हिसावर, रीतसर आत गेला आहे. बेकायदा सीमा ओलांडणाऱ्यांना सुनावणीविना झटपट परत पाठवायची जी पद्धत आहे, ती अशा माणसाला सहसा लावता येत नाही. त्याला इमिग्रेशन कोर्टात पूर्ण सुनावणी मिळायला हवी. सुरुवात 'नोटीस टू अपिअर' या कागदाने होते. कोणता आरोप, कायद्याचं कोणतं कलम, हे त्यात लिहिलेलं असतं. ती हातात पडल्यापासून पहिल्या तारखेपर्यंत निदान दहा दिवस मिळतात, वकील शोधायला. हे दहा दिवस सोडून देण्यासाठीही त्याच नोटिशीवर सहीची एक वेगळी जागा असते. तिथेही सही नको. आणि व्हिसावर आत गेलेल्याला घालवायचं, तर आरोप स्पष्ट आणि खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते.

एक गोष्ट मात्र आपल्यापेक्षा कठोर आहे. आपल्याकडे कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. तिथल्या इमिग्रेशन कोर्टात वकील लावायचा हक्क आहे, पण सरकारच्या खर्चाने नाही. म्हणून एजंटला द्यायचे चार लाख तिथल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाच्या फीसाठी राखून ठेवा. फी झेपत नसेल, तर फुकट किंवा कमी पैशांत काम करणाऱ्या संस्थांची यादी इमिग्रेशन कोर्टच देतं. मी सांगलीच्या कोर्टात वकिली करते, मला तिथे उभं राहता येत नाही. पण तिथल्या वकिलाला इथून काय पाठवायचं, ते मी नक्की बघेन. दुभाषा मात्र कोर्ट पुरवतं. पोराचं इंग्रजी चांगलं असलं तरी कोठडीत राहून गडबडलेला माणूस आपल्या भाषेतच नीट बोलतो, तर त्याने मराठी दुभाषा मागावा. 'इंडियन' म्हणून हिंदीचा दुभाषा दिला, तर तिथेच हरकत घ्यावी.

जामिनाला तिथे बाँड म्हणतात. अधिकाऱ्याने नाकारला किंवा रक्कम अवाच्या सवा लावली, तर न्यायाधीशाकडे फेरविचार मागता येतो. कमीत कमी रक्कम १,५०० डॉलर. प्रत्यक्षात बरीच जास्त लागते. इथे आपली माणसं एक चूक करतात. सातबारा, आठ-अ, बागेचे फोटो, सरपंचांचा दाखला, सगळं कुरिअर करतात. न्यायाधीशाला पाहायचं असतं ते वेगळंच : सुटल्यावर हा कुठे राहील, तारखेला येईल का, याच्यापासून कुणाला धोका आहे का. इथली जमीन दाखवली तर उलट, याची मुळं तिकडे आहेत, असाच अर्थ निघेल. तिथल्या मित्राचं भाडेकरारासह पत्र, विद्यापीठाची पदवी, कर भरल्याचे कागद, हे कामाचं. मराठी कागद द्यावाच लागला, तर सोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र हवं.

आता कटू बोलते, कारण तुम्हाला खोटी आशा लावणं मला पटत नाही. पदवीनंतर कामासाठी मिळणाऱ्या पहिल्या मुदतीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलं, की स्टुडंट व्हिसाचा दर्जा धोक्यात येतो, आणि परवानगीशिवाय काम केलं की आणखी बिघडतं. तुम्ही लिहिलंय त्यावरून सरकारचा आरोप बहुधा टिकेल. पण तिथे राहायला मिळालं नाही, तरी तो कसा परत येतो याने फार फरक पडतो. वकिलामार्फत वेळेत 'व्हॉलंटरी डिपार्चर', म्हणजे स्वतःहून देश सोडायची परवानगी, मागता येतं. न्यायाधीशाने दिलं, तर सुरुवातीला मागितल्यास १२० दिवसांपर्यंत मुदत मिळते, तिकीट स्वतःचं, आणि हद्दपारीचा हुकूम नावावर लागत नाही. मुदतीत निघाला नाही, तर मात्र दंड होतो आणि पुढची दारं बंद होतात. विद्यार्थी म्हणून आत जाताना त्याच्या नोंदीवर 'डी/एस' (ठरावीक तारखेऐवजी 'दर्जा टिकेल तोवर राहा') लिहिलेलं होतं का, हे वकिलाला आवर्जून बघायला सांगा. त्यावर बेकायदा वास्तव्याचे दिवस कधीपासून मोजायचे हे ठरतं, म्हणजे पुन्हा कधी व्हिसा मागता येईल तेही. निकाल विरोधात गेला आणि लढायचं असेल, तर 'अपिलाचा हक्क राखून ठेवतो' हे त्याच दिवशी कोर्टात बोलायचं.

एजंट सांगतोय ते अजिबात करू नका. रचलेल्या भीतीवर आश्रय मागितला आणि ते जाणूनबुजून केल्याचं ठरलं, तर अमेरिकेतले इमिग्रेशनचे जवळपास सगळे लाभ कायमचे जातात. दहा वर्षांचा दरवाजा परत उघडू शकतो, हा उघडत नाही. खरोखर जिवाला धोका असणाऱ्यांसाठी ती तरतूद आहे, त्यांच्या वाटेत आपण खोटेपणाने उभं राहू नये. त्याला आधीच पैसे दिले असतील, तर पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली करता येते.

मुलगा नेमका कुठे आहे हे रोज तपासा, कारण कैदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवतात. शोधायची सरकारी वेबसाइट आहे. तिथे त्याचा 'ए-नंबर', म्हणजे इमिग्रेशनवाल्यांनी दिलेला नोंदणी क्रमांक, आणि जन्मदेश घालायचा. नंबर नसेल तर नावाने शोधायचं, आणि इथे आपलं मराठी नाव अडकतं. बऱ्याच पासपोर्टवर मुलाचं आणि वडिलांचं नाव मिळून 'गिव्हन नेम' असतं, आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टची झेरॉक्स समोर ठेवून अक्षरन् अक्षर तसंच टाका. नाहीच सापडलं तर वडिलांचं नाव गाळून पुन्हा बघा.

१९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार, त्याने मागणी केली तर आपल्या वकिलातीला कळवणं तिथल्या अधिकाऱ्यांना भाग आहे. भारतीयांच्या बाबतीत मागितल्याशिवाय कळवत नाहीत, म्हणून त्याने मागायचं. टेक्सास ह्यूस्टनच्या वाणिज्य दूतावासाकडे येतं. तुम्ही इथून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा. वकिलात त्याला सोडवू शकत नाही, पण भेटू शकते, विचारपूस करू शकते, वकिलांची यादी देऊ शकते.

पोराच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं असेल, तर त्याचं बँकेशी वेगळं बोलू. हप्ता थकायच्या आधी लेखी अर्ज द्या. तूर्त पासपोर्टची झेरॉक्स, व्हिसा, विद्यापीठाने दिलेला आय-२० (प्रवेशाचा दाखला) आणि तो नोटिशीचा कागद आला असेल तर त्याचा फोटो, एवढं घेऊन विजयनगरला कोर्टात या. फोन उशाशी ठेवा. तिथे दुपार असते तेव्हा आपल्याकडे रात्र. आणि त्याने ए-नंबर सांगितला, की आकडे त्याला दोनदा वाचून दाखवा.