आठवी वही उघडू नका

ताई,
वय ४४, सोलापूरला बँकेत आहे. मागच्या वर्षी एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची चाचणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण काठावर आहात. रात्री जेवल्यावर रोज अर्धा तास चाला. एवढं साधं काम, तेही टिकत नाही. सातव्या खेपेला १९ दिवस नीट गेले, मग पुतण्याच्या लग्नासाठी दोन दिवस गावी गेलो आणि संपलंच. माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? आता पाडव्यापासून पुन्हा सुरू करतोय, नवी, आठवी वहीही आणली आहे. या वेळी टिकावं म्हणून काय करू?

उत्तर
इच्छाशक्तीचं राहू द्या. जुन्या वहीत किती पानं कोरी आहेत?

अख्ख्या पत्रात वहीच्या वाट्याला अर्धं वाक्य आलंय, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे. दोन दिवस चुकले म्हणून तुम्ही १९ दिवस रद्द करून टाकलेत. कुणी सांगितलं होतं? चांगला मुहूर्त, कोरं पान, पहिली तारीख हे तुम्हाला चालण्यापेक्षा जास्त आवडायला लागलंय. पाडव्याला अजून दिवस आहेत, आणि तोवर रोज रात्री जेवून तुम्ही पलंगावरच टेकणार. मला याचाच राग येतो.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा १२ आठवडे माग ठेवला होता. २००९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा निघाला ६६. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त दिवस लागले. आणि एखादी वेळ चुकल्यानं सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ हे जे सगळीकडे ऐकू येतं, त्याचं मूळ प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधल्या एका निरीक्षणात आहे: रुग्णांना आपला बदललेला चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस जातात. शतपावलीशी त्याचा काय संबंध? विसाव्या दिवशी पाय जड वाटणारच होते. तुम्ही त्यालाच नापास होणं समजलात.

आज रात्री सातवी वही काढा. शेवटच्या नोंदीखाली आजची तारीख घाला. मधले दिवस मोजू नका, कारण लिहू नका. आठवी वही घरातल्या कुणालाही हिशेबाला देऊन टाका.

अर्धा तास आत्ता नको. दहा मिनिटं, साध्या चालीनं, साधारण हजार पावलं. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटंही वाया जात नाहीत. ‘जेवल्यावर जाईन’ असं म्हणाल तर टीव्ही मध्ये येईल. ठरवायचं ते असं: ताट सिंकमध्ये ठेवलं की चप्पल पायात. हात पुसून सोफ्यावर बसलात, तर त्या दिवशीचं चालणं गेलंच समजा. चप्पल दाराशीच ठेवा, चपलांच्या कपाटात नको. चार आठवडे दहाच मिनिटं. मग दर आठवड्याला पाच वाढवत अर्ध्या तासावर या. उत्साहाच्या भरात तिसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं चालू नका. चौथ्या दिवशीचा कंटाळा त्यातूनच येतो.

अडचणींची उत्तरंही आजच वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पाऊस आला तर जिन्याच्या पॅसेजमध्ये. घरी यायला दहा वाजले तर पाचच मिनिटं, पण चपला घालून. लग्नाला गेलात तर पंगतीतून उठून हात धुतले की कार्यालयाला दोन चकरा. त्याची नोंद घरी आल्यावर त्याच वहीत. लग्न आहे हे तुम्हाला महिनाभर आधी माहीत होतं, तरी त्या दोन रात्रींचं काहीच ठरलं नव्हतं. तुमचं घोडं तिथं अडलं. आणि एवढं करूनही एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी ताट सिंकमध्ये गेलं की चप्पल पायात. सोमवार नाही, एक तारीख नाही.

आठवड्याभरात साखर तपासून निराश होऊ नका. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतं. आजपासून तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून चाचणी करा, आणि आकडा काहीही येवो, मला कळवा.