प्रोग्राम चुकला की चूक नेमकी शोधायची कशी? (पायथन, नवशिक्यांसाठी)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन विषयांचे मार्क घेऊन सरासरी काढणारा पायथन प्रोग्राम लिहिला, भागाकाराच्या ओळीवर एरर आली. तिथे बेरजेला ‘इंट’ (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावल्यावर एरर गेली, पण ६०, ७०, ८० ची सरासरी २०२३६०.० येतेय. दरवेळी तासभर इकडचं तिकडे करत बसण्यापेक्षा काही पद्धत आहे का?

आहे. आधी तुमचाच प्रोग्राम घेऊ, कारण त्यात जवळजवळ सगळं आलंय.

‘इनपुट’ काहीही टाइप केलं तरी स्ट्रिंगच देतं, म्हणजे मजकूर. तुम्ही ६० टाइप केलंत तरी पायथनच्या हातात पडतं ते सहा आणि शून्य ही दोन अक्षरं. दोन स्ट्रिंगमध्ये अधिकचं चिन्ह टाकलं की त्या एकमेकींना चिकटतात. तुमची ‘बेरीज’ म्हणून ६०७०८० झाली. इथे पायथनने हूं की चूं केलं नाही, कारण स्ट्रिंग जोडणं हा गुन्हा नाही. पुढच्या ओळीत त्या स्ट्रिंगला ३ ने भागायला सांगितलं तेव्हा तो अडला आणि टाइपएरर (म्हणजे या प्रकारच्या गोष्टीवर ही क्रिया चालत नाही) दिली. तुम्ही तिथेच इंट लावलंत, ६०७०८० चा आकडा झाला आणि त्याला ३ ने भागून २०२३६०. हिशोब अगदी बरोबर आहे! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, एवढंच झालंय. इंट लावायचं ते तिन्ही इनपुटना, जिथे मार्क आत येतात तिथे.

एररमध्ये जो लाइन नंबर येतो ती पायथन अडला ती ओळ. चूक तिथे असेल किंवा तिच्या बऱ्याच आधी असेल. त्यामुळे लांबलचक लाल मजकूर आला की सगळ्यात खालची ओळ आधी वाचायची (काय झालं ते तिथे असतं), मग तिच्या वरची (कुठे झालं), आणि तिथून कोडमध्ये मागे मागे जायचं. जाताना प्रत्येक व्हेरिएबलपाशी थांबून दोनच गोष्टी विचारायच्या: इथे काय असायला हवं होतं आणि आत्ता काय आहे? पहिल्याचं उत्तर कागदावर लिहा, मनात नको. मनातलं उत्तर स्क्रीनवरचा आकडा बघून हळूच बदलतं. ही दोन उत्तरं पहिल्यांदा जिथे जुळत नाहीत, तिथेच चूक आहे. त्याच्या पुढच्या ओळींना हातसुद्धा लावायचा नाही.

बघायचं कसं, तर प्रिंट टाकून. पण यात एक मेख आहे. साधं प्रिंट अवतरणचिन्हं दाखवत नाही. आकडा ६० आणि स्ट्रिंग ‘६०’ स्क्रीनवर हुबेहूब सारखे दिसतात, म्हणजे तुमच्या प्रोग्राममधली नेमकी हीच चूक प्रिंटला दिसलीच नसती. म्हणून प्रिंटमध्ये व्हेरिएबल नुसतं न टाकता ‘रेप्र’ या फंक्शनमध्ये गुंडाळून टाका. मग स्ट्रिंग असेल तर अवतरणचिन्हांसकट दिसते, शेवटी चिकटलेली स्पेससुद्धा. हे नको असेल तर थॉनी वापरा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनवलेला हा फुकट एडिटर आहे. त्यात व्हेरिएबल्सची खिडकी उघडून एकेक ओळ चालवत गेलं की कोणात काय भरलंय ते समोर दिसत राहतं.

(गंमत म्हणून: पायथन ३ मधलं इंट देवनागरी आकडेही समजतं. मराठी कीबोर्डवरून मार्क टाइप केलेत तरी चालतील.)

प्रोग्राम चालूच होत नाही अशा चुकांवर फार वेळ घालवत नाही. बंद न केलेला कंस, विसरलेला कोलन, टॅब आणि स्पेसची सरमिसळ, झालंच तर वर्डमधल्या नोट्समधून कोड कॉपी केल्यावर येणारी वाकडी अवतरणचिन्हं. पायथन ३.१० पासून हे मेसेज बरेच सुधारलेत, ‘हा कंस बंदच केलेला नाही’ असं सरळ सांगतात. कॉलेजच्या मशीनवर जुनी आवृत्ती असेल तर घरी नवी टाका. आणि तुमच्या फाइलला रँडम किंवा मॅथ अशी मॉड्यूलची (पायथनसोबत येणाऱ्या तयार कोडची) नावं देऊ नका. रँडम इंपोर्ट केलं की पायथन तुमचीच फाइल उचलतो आणि मग येणारी एरर भल्याभल्यांना चक्रावते.

खरी डोकेदुखी एररच न देणाऱ्या चुकांची. पुढे सी ही भाषा शिकाल तेव्हा फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार) प्रोग्राम लिहावा लागेलच, तेव्हा हे करून बघा. साध्या इंटमध्ये (सीमध्ये हा पूर्णांक ठेवायचा ठराविक मापाचा डबा, सहसा ३२ बिटांचा) १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं. १३ ला सहसा १९३२०५३५०४ येतं. दिसायला काय वाईट आहे? मोठा, भारदस्त आकडा. पण ५ पासून पुढच्या प्रत्येक फॅक्टोरियलमध्ये ५ आणि २ हे दोन्ही गुणलेले असतात, म्हणजे शेवटी शून्य यायलाच हवं. इथे आहे ४. खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे, ते ३२ बिटांत मावलं नाही. टर्बो सी हे सीचं जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कॉलेजांत तर हे ८ लाच होतं, कारण तिथे इंट १६ बिटांचा: ४०३२० च्या जागी उणे २५२१६ दिसतं. ते निदान उणे असल्यामुळे लगेच लक्षात येतं. १३ चं मात्र कळतं ते उत्तर कसं असायला हवं हे आधी ठाऊक असेल तरच. म्हणून मी मुलांना प्रोग्राम रन करण्याआधी एक उदाहरण हाताने सोडवायला लावतो. त्यांना ते अजिबात आवडत नाही.

एका वेळी एकच बदल करा, रन करा, फायदा झाला नाही तर तो बदल परत काढा. दोन-तीन बदल एकदम केले की कशाने काय झालं याचा पत्ता लागत नाही. तुमचं ‘इकडचं तिकडे’ म्हणजे बहुतेक हेच होत असणार.

एआयला विचारायला हरकत नाही, पण ‘दुरुस्त करून दे’ असं म्हणू नका. एरर आणि कोड देऊन ‘ही एरर का आली तेवढंच सांग, कोड देऊ नकोस’ म्हणा. दुरुस्त कोड मिळाला की आपण तो चिकटवतो आणि पुढच्या आठवड्यात तीच एरर घेऊन परत उभे राहतो.

आता तुमच्या प्रोग्राममध्ये तिन्ही ठिकाणी इंट लावून झाल्यावर आणखी दोन गोष्टी करून बघा. एका विषयाला ७२.५ टाका: व्हॅल्यूएरर येईल, कारण इंटला दशांश असलेली स्ट्रिंग चालत नाही, तिथे फ्लोट (मजकुराचा दशांश आकडा करणारं फंक्शन) हवं. दुसरं म्हणजे काहीच न टाइप करता एंटर मारा. इंट असो की फ्लोट, व्हॅल्यूएररच येईल. इंट असेल तर मेसेजच्या शेवटी दोन छोट्या उभ्या रेघा शेजारी शेजारी दिसतील. ते एक दुहेरी अवतरणचिन्ह नाही. दोन एकेरी चिन्हं आहेत आणि त्यांच्या मध्ये काही नाही, म्हणजे रिकामी स्ट्रिंग. ते कसं हाताळायचं यासाठी ‘ट्राय-एक्सेप्ट’ (एरर आली तर पुढे काय करायचं ते सांगणारी पायथनची रचना) बघा. अडलात तर तो प्रश्न वेगळा टाका, सोबत पूर्ण एरर जशीच्या तशी द्या.