खाच पाडतात, खोबण काढतात

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतून आला आहे. घरी फर्निचरचं काम चाललंय. मिस्त्री दिवसभर ‘ग्रूव्ह मारतो’, ‘मोल्डिंग काढतो’ म्हणत असतात. आजोबा त्यांना सांगतात, खोबण म्हणा. आजी म्हणतात, खाच. प्रश्नकर्तीला दोन गोष्टी हव्या आहेत: ग्रूव्हला नेमका शब्द कोणता, आणि ‘रंधा’ हा ‘रंध्र’वरून आला का?

दुसरं आधी उरकतो. नाही. रंध्र संस्कृत, म्हणजे भोक, आणि रंधा भोक पाडत नाही, खरवडतो. तो फारसीतून आला. तिकडे ‘रंदीदन’ म्हणजे खरवडणं, आणि ज्यानं खरवडायचं तो रंदा. हिंदीत अजून रंदाच आहे, आपण द चा ध केला. तुर्कस्तानात हाच शब्द ‘रेंदे’ होऊन स्वयंपाकघरातही शिरला आणि किसणी झाला. सुताराच्या पेटीत फारसी बरीच सापडते. खतकस घ्या: खत म्हणजे रेघ, ती ओढणारा तो खतकस. काटकोन तपासायचा गुण्या तर फारसीच्याही मागे ग्रीकपर्यंत जातो, तिथे ‘गोनिया’ म्हणजे कोन. (चौकट गुण्यात असेल तर दार गुण्यागोविंदानं लागतं, हा माझा जुना विनोद. सुतारांना आवडतो, बाकी कुणाला नाही.) तासणं मात्र घरचं, संस्कृत ‘तक्ष्’चं. आणि सुतार म्हणजे मूळचा सूत्रधार, सूत धरणारा. इंचाच्या आठव्या भागाला तो आजही ‘सूत’च म्हणतो.

आता ग्रूव्ह. इथे गंमत अशी की आजी-आजोबा दोघंही बरोबर असू शकतात. या शब्दांचा फरक नामात शोधू नका, त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं ऐका. फट राहते. भेग पडते. खाच पाडतात. खोबण काढतात. पहिल्या दोन आपल्या इच्छेविरुद्ध होतात, पुढच्या दोन आपण करतो. खाच म्हणजे नुसता कापून केलेला खोलगट भाग. खोबण म्हणजे ज्यात काहीतरी बसायचं आहे अशी जागा. म्हणून डोळा बसतो ती खोबण, आणि दृष्टी गेली की मात्र डोळ्यांच्या खाचा होतात. आणि ज्यातून काही वाहायचं ती पन्हळ, मूळ संस्कृत ‘प्रणाल’. पन्हळी पत्र्यावरचं पावसाचं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

मिरजेचा तंबोरा बघा. २०२४ साली तिथल्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते वाजवणाऱ्यांना माहीत असेलच. त्याच्या गळ्याशी दोन पट्ट्या असतात. अटीवर तारा टेकतात, तिथे बारीक खाचा. तारगहनातून तारा ओवतात, तिथे भोकं. बोटभर अंतरात दोन कामं, दोन शब्द, आणि कारागीर त्यांची गल्लत करत नाही.

खोबणीचं महत्त्व मला २०१९ च्या पुरात कळलं. गावभागातल्या आमच्या नातेवाइकांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं. प्लायवूडची नवी दारं फुगून पदर सुटले. जुनं सागवानी पॅनेलचं दार फुगलं, अडकलं, पण दोन-तीन महिन्यांत वाळून परत जागेवर आलं. कारण सोपं आहे. लाकूड ओल धरलं की आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. जुन्या सुतारानं पॅनेल चौकटीला डिंकानं चिकटवलं नव्हतं. खोबणीत सोडलं होतं, दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक ठेवून. नुसती खाच पाडली असती तर एवढा विचार लागला नसता.

ही खोबण काढायची कशी? रंधा जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पोम्पेईतसुद्धा रंधे सापडले. पण खोबणीच्या रंध्याला तीन गोष्टी लागतात: लाकडाची कड धरून चालणारी बाजूची पट्टी, तळाला अरुंद लोखंडी धाव, आणि ठरलेल्या खोलीवर थांबवणारा अडसर. मिरजेत एका वयस्क मिस्त्रींना मी तो चालवताना पाहिलं. दोन सूत रुंदीची खोबण होती. मला वाटलं होतं आपल्याजवळून सुरुवात करतील. त्यांनी लांबच्या टोकाला वीतभर फटका मारला, मग थोडं मागून, मग आणखी मागून, असं करत ते आपल्याकडे आले. त्यामुळे दर फटक्याला पुढे आधीच पाडलेली वाट मिळते, रंधा भरकटत नाही. इंग्रज सुतार या रंध्याला नांगर म्हणतात. आपल्याकडच्या ऊसवाल्यानं त्याला सरी सोडणारा म्हटलं असतं, आणि ते जास्त अचूक झालं असतं.

नक्षीच्या रंध्यांचा प्रकार आणखी वेगळा. तिथे आकार हत्यारातच असायचा: पात्याची धार आणि रंध्याचा तळ, दोन्ही एकाच वळणाचे. त्यामुळे जितके आकार तितके रंधे. इंग्लंडात नुसत्या गोलाईच्या रंध्यांचा पूर्ण संच ३६ नगांचा असे, १८ फुगीर आणि १८ खोलगट. मग १८९७ मध्ये अमेरिकेत स्टॅन्ले कंपनीचा ५५ नंबरचा रंधा आला, एका लोखंडी सांगाड्याला पन्नासहून जास्त पाती. जाहिरातीत त्याला अख्खा रंधा-कारखाना म्हटलं होतं. वापरणाऱ्यांचं म्हणणं, पाती बसवण्यातच दिवस जातो. पुढे विजेचा राउटर आला. आज मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणाऱ्या त्या एका यंत्राला कुठलंही पातं लावा, खाच, खोबण, गोलाई सगळं होतं. ज्या इंग्रजी क्रियापदावरून तो शब्द आला त्याचं मूळ म्हणजे डुकरानं नाकानं जमीन उकरणं. आवाज आणि उडणारा भुसा बघता नाव योग्यच आहे. त्याच्या आधीच्या हातानं चालवायच्या अवजाराला इंग्रज ‘म्हातारीचा दात’ म्हणत, कारण लाकडाच्या ठोकळ्याखाली एकच पातं लोंबत असे.

हत्यार एक झालं की शब्दही एक होतो. मिस्त्रींच्या ‘ग्रूव्ह’मागे मला हे कारण दिसतं, इंग्रजीचं वेड नव्हे.

मोल्डिंगसाठी, म्हणजे लाकडाच्या कडेला कोरलेल्या नक्षीसाठी, काही कोशांत ‘साचकाम’ सुचवतात. ते मला पटत नाही. साच्यात ओततात, लाकूड कोरतात. आपल्याकडे त्यासाठी ‘कंगोरा’ आहे, किल्ल्याच्या तटावरून फारसीमार्गे आलेला, आणि तो आपण चर्चेत रोज वापरतो: विषयाला अनेक कंगोरे असतात. चौकटीलाही असू द्यावेत. ‘बिडिंग पट्टी’ मात्र राहू द्या. त्यातला ‘बीड’ म्हणजे मणी, आणि त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ प्रार्थना. जपमाळेमुळे तो मण्याला चिकटला.

तर तुमच्या घरचा निकाल. ड्रॉवरच्या तळाची फळी ज्यात सरकते ती खोबण, तिथे आजोबा जिंकले. कपाटाच्या शटरवर शोभेसाठी ज्या उभ्या रेघा पाडल्यात त्यांत काही बसत नाही, त्या खाचा, तिथे आजी. आणि मिस्त्रींच्या ‘ग्रूव्ह मारतो’मधलं ‘मारतो’ अस्सल मराठी आहे, रंधाही आपण मारतोच.