ऑइल पेंटमधलं स्टिल लाइफ (समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र) गुळगुळीत, निर्जीव दिसतं, जान कशी आणू? (मुंबईत, वन रूम किचन)

गुळगुळीत होतंय कारण तुम्ही घासत बसताय. ब्रश टेकवला की उचला, त्याच जागी परत परत फिरवू नका, आणि बारीक ब्रश सुरुवातीला हातातच घेऊ नका, रुंद हॉग हेअरवाला (डुकराच्या राठ केसांचा) चपटा ब्रश घ्या.

डाळिंब फोडून ठेवा, शेजारी चकचकीत तांब्या, उजेड फक्त खिडकीचा, ट्यूबलाइट बंद (ती चालू असली की सावल्यांची वाट लागते). आता डोळे बारीक करून बघा, तांब्याच्या पोटावर डाळिंबाचा लाल उतरलेला दिसेल, तो आहे त्यापेक्षा जरा जास्तच भडक लावा, सावलीत ट्यूबमधला काळा नको, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, आणि जिथे चमक आहे तिथे पांढरा पेंटिंग नाइफने (रंग लावायच्या पात्याने) जाडच ठेवून द्या, मग हात लावायचा नाही म्हणजे नाही! डच चित्रकार व्हॅन गॉगची १८८८ ची सूर्यफुलं बघा, पिवळ्यावर पिवळा, तरी नजर हटत नाही.

खालचा थर टर्पेंटाइनने (रंग पातळ करायच्या द्रवाने) पातळ, वरचे जास्त तेलाचे, उलटं केलंत तर पुढे भेगा पडतात. ऑइल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे जाड रंगाला आठवडे लागतात, पावसाळ्यात कॅनव्हास ओल्या भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते.

वन रूम किचन आहे म्हणून सांगतो, टर्पेंटाइन गॅसपासून लांब, खिडकी उघडी, आणि ऑइल रंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेली फडकी चुरगळून डब्यात कोंबू नका, ती आपोआप पेटू शकतात, पाण्यात भिजवून मगच टाका.