एआयला विचार, पण निकाल स्वतः उघड

भावा, एआय वापरू नको असं मी म्हणणार नाही, मीही वापरतो. किचकट इंग्रजी परिच्छेद मराठीत समजून घ्यायला, समोरचा वकील काय युक्तिवाद करील ते चाचपायला झकास आहे. पण मेमोरियल (मूट कोर्टात द्यायचा लेखी युक्तिवाद) त्याच्याकडून लिहून घेतलंस की फसलास.

माझंच सांगतो. मूट कोर्टात, म्हणजे लॉ कॉलेजच्या सरावाच्या खटल्यात, आरक्षणाच्या ५० टक्के मर्यादेवर बोलत होतो. (शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवल्या त्या कोल्हापूरचा मी, अंगात जोर होताच!) या मर्यादेचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल म्हणजे इंद्रा साहनी, १९९२; त्याच्यापुढं अवतरणचिन्हात एक वाक्य आणि परिच्छेद क्रमांक, सगळं एआयनं दिलेलं. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "वाचून दाखवा." निकाल उघडला, त्या परिच्छेदात ते वाक्यच नव्हतं. घाम फुटला.

आता आधी ई-एससीआरवर, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या अधिकृत ऑनलाइन संग्रहात, मूळ निकाल काढतो; फुकट आहे. घटनेच्या मूलभूत चौकटीचा केशवानंद भारती निकाल घे: १९७३, १३ न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, आणि ११ वेगवेगळी निकालपत्रं. एआय अल्पमताचं वाक्यही 'न्यायालयानं म्हटलं' म्हणून खपवतं. म्हणून वाक्य कुठल्या न्यायमूर्तींचं, ते आधी बघ. निकाल अजून कायम आहे का, तेही. १९६७ चा गोलकनाथ निकाल केशवानंदमध्येच रद्द ठरला.

आणि हो, इंटर्नशिपला उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचवर जाशील तेव्हा पक्षकाराची कागदपत्रं एआयमध्ये टाकू नकोस, कितीही घाई असली तरी.