वाफसा येऊ द्या

प्रश्न : ताई, मी ठाण्याला चौथ्या मजल्यावर राहते. गॅलरीत मोगरा आणि कढीपत्ता आहे. जूनपर्यंत दोन्ही टवटवीत होते. आता कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळताहेत आणि मोगरा दुपारी मान टाकतो. सुकतोय असं वाटून मी रोज पाणी घालते. दोनदा खतही दिलं. काय चुकतंय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पाणी आणि खत दोन्ही आजच थांबवा. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यातल्या हवेवर मुळं जगतात. सतत ओल राहिली की त्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून तुमचा मोगरा ओल्या मातीत उभा राहून तहानेलेला दिसतो.

कुंडी आडवी करा, बाहेरून थापटा आणि मुळांचा गड्डा अलगद बाहेर घ्या. आधी वास घ्या. पहिल्या पावसासारखा मातीचा वास आला तर काळजी नको, फक्त तळाचं भोक मोकळं करून झाड परत ठेवा. नासक्या पाण्यासारखा वास आला आणि मुळं तपकिरी, बोटांत चिरडणारी निघाली, तर तेवढी स्वच्छ कात्रीने कापा. शेंडेही थोडे छाटा, कारण उरलेल्या मुळांना इतकी पानं पोसवणार नाहीत. मग दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचा चुरा अशा मिश्रणात झाड लावा. कोकोपीट सध्या नको. पाणी धरून ठेवणं हाच त्याचा गुण आहे. नवी पालवी दिसेपर्यंत खताला हात लावू नका. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर तांब्या खाली ठेवा.

कुंड्यांखालच्या ताटल्याही काढा. तिथे साठलेलं पाणी भोकातून परत मुळांशी जातं. शिवाय डेंग्यूचा डास अशाच पाण्यात वाढतो, आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. वरच्या छज्जाची पागोळी नेमकी कुंडीत पडत असेल तर कुंडी हातभर सरकवा. माझ्याकडच्या एका अनंताची मुळं पागोळीने एका पंधरवड्यात उघडी पाडली होती.

प्रश्न : मोठमोठ्या शंखांच्या गोगलगायी रात्रीत वेलभाज्यांची रोपं फस्त करतात. मीठ टाकलं तर चालेल का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : वाफ्यात मीठ टाकू नका, मातीच बिघडेल. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ साली कोलकात्यात सोडली गेली आणि तिथून पसरली. एका वेळी शंभराहून जास्त अंडी घालते, त्यामुळे ती वेचल्याशिवाय गत्यंतर नाही. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्या अंगात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात. कुंड्यांच्या बुडाशी साबुदाण्यासारखी पिवळट अंडी दिसली तर तीही वेचा. पंधरा दिवस नेटाने करा.

प्रश्न : आमच्या परसात ओढ्याचं पाणी दोन दिवस उभं होतं. आता चार बोटं गाळ बसलाय. पपई, लिंबू, नारळ, मिरची, पालक, सगळंच पाण्याखाली गेलं. मुलगा म्हणतो, लगेच खणून गाळ मातीत मिसळू, सुपीक असतो. करू का? आणि भाजी परत कधी लावू?
– एक वाचक, कऱ्हाडजवळून

उत्तर : मुलाला आज कुदळ देऊ नका. तुमचं पत्र वाचून मला माझंच परसू आठवलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या पुरात आमच्याकडेही वाशिष्ठीचं पाणी शिरलं होतं. ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी चिखलात उतरले आणि सगळं खणून काढलं. घर धुऊन झालं होतं, आता हे तरी सावरावं असं वाटत होतं. त्या ओल्या मातीत मी पायांनी आणि कुदळीने जी ढेकळं पाडली, ती ऊन लागल्यावर विटेसारखी झाली. दिवाळीपर्यंत तिथे साधी मेथी उगवली नाही. शेजारच्या काकूंनी त्यांच्या तुकड्यात पाऊल ठेवलं नव्हतं, त्यांच्याकडे नवरात्रात मुळा आला.

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, त्याची वाट पाहा. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. चपटा होऊन चिकटला तर थांबा. फुटून भुगा झाला तर वाफसा आला. तोवर करायचं ते काठावरून. उतार पाहून टीचभर खोल चर काढा, म्हणजे साठलेलं पाणी निघून जाईल. आत जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावर उभे राहा. झाडांच्या बुंध्यांभोवतीचा गाळ मात्र लगेच हाताने ओढून काढा. तो सालीला चिकटून राहिला की साल कुजते. झाडांभोवती पाणी धरायला केलेली आळी मोडून टाका, माती बुंध्याकडे उंच करा. आळी परत करायची ती ऑक्टोबरच्या उन्हात.

पपईची फार आशा धरू नका, तिला एक-दोन दिवसांचं पाणीही सोसत नाही. बुंधा दाबून पाहा, मऊ लागला तर उपटा. नारळ तगेल. लिंबाला जपा. साल कोरडी झाली की बुंध्याला दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा: शंभर ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, शंभर ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओता. भांडी प्लास्टिकची घ्या. चुना विरघळताना उकळतो, तोंड लांब ठेवा. तयार मिश्रणात लोखंडी सुरी बुडवा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडा चुना घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

पालक उपटून खड्ड्यात पुरा. जीव कळवळतो, मला माहीत आहे, पण त्या पाण्यात गावभरचं सांडपाणी होतं. पुराआधी लागलेली मिरचीसुद्धा खाऊ नका. झाड वाचलं तर नव्या फुलांची फळं धरा.

वाफसा आला की गाळाचा पापुद्रा खुरप्याने फोडा. बोटभर गाळ मातीत मिसळला तरी चालेल, बाकीचा उचलून ढीग करा. पावसाने मातीतलं नत्र वाहून गेलेलं असतं, म्हणून आता कुजलेलं शेणखत घाला, वाफ्याला दोन घमेली. भाजी मग लावता येईल. पहिली मेथी नको, गवार किंवा चवळी लावा, त्यांची मुळं जमीन पुन्हा भुसभुशीत करतात. बी टोकताना वाफा वीतभर उंच ठेवा, परतीचा पाऊस अजून यायचा आहे.